एकनिष्ठा गाणाऱ्याची, कान ऐकणाऱ्याचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला बुडालेला होता आणि आम्ही पाच माणसं माडीवर बसून होतो. वीज नव्हती. मिरजेहून आणलेला तंबोरा वेळेवर वर नेता आला, पण खालच्या कपाटातल्या कॅसेटी राहिल्या. वडिलांनी तीस वर्षांत जमवलेल्या होत्या त्या. खाजगी बैठका, दर्ग्यातल्या उरुसाची गाणी, आकाशवाणीवरून रात्री उशिरा ध्वनिमुद्रित केलेले ख्याल. पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं आणि मी अंधारात हिशेब करत होते, की कपाटाचा कुठला कप्पा आता भिजला असेल.

दुसऱ्या रात्री माझी सोळा वर्षांची भाची जवळ येऊन बसली. तिच्या फोनमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती. "मावशी, एक ऐकशील? लहानसंच आहे," असं म्हणून तिने इअरफोनची एक गुंडी माझ्या कानात घातली. एरवी मी नको म्हटलं असतं. त्या रात्री नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

आधी शब्दच नव्हते. एकाच मुलीचे अनेक आवाज, एकमेकांवर थर ठेवावेत तसे, नुसते गुणगुणत होते. मग पियानोचे मोजके स्वर आले, आणि त्यावर अगदी हलका, जवळजवळ कुजबुजणारा एकच आवाज. ती गात होती की शेजारी बसून बोलत होती हे पहिल्या ओळीत कळलं नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत मला कळलं, की हा आवाज स्वरावर नेमका बसतो आहे. सैल नाही, चाचपडत नाही. इतक्या कमी आवाजात स्वर धरून ठेवणं किती अवघड असतं, हे ज्याने कधी पहाटे खर्जाची, म्हणजे अगदी खालच्या सुरांची, मेहनत केली आहे किंवा कुणाला करताना ऐकलं आहे, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. तीन-सव्वातीन मिनिटांत गाणं संपलं. मी म्हटलं, "परत लाव." बॅटरीची काळजी असूनही तिने लावलं.

गाणारीचं नाव बिली आयलिश. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. लॉस एंजेलिसची मुलगी, शाळेत न जाता घरीच शिकलेली, लहानपणापासून तिथल्या मुलांच्या समूहगायनात गाणारी. तिचा थोरला भाऊ फिनियस तिच्यासोबत गाणी लिहितो, तोच ध्वनिमुद्रण करतो. २०१५ साली, चौदावं वर्षही पुरं व्हायच्या आधी, तिचं पहिलं गाजलेलं गाणं इंटरनेटवर आलं ते नृत्यशिक्षकांना नाच बसवता यावा म्हणून. २०१९ च्या मार्चमधला तिचा पहिला पूर्ण अल्बम मुख्यतः भावाच्या निजण्याच्या खोलीत ध्वनिमुद्रित झाला. पुढच्याच जानेवारीत ग्रॅमीचे चारही मुख्य पुरस्कार एका रात्रीत तिला मिळाले, आणि ते मिळवणारी ती सर्वांत लहान गायिका ठरली. हे सगळं मला नंतर कळलं. पुराच्या रात्री मला फक्त आवाज ठाऊक होता, आणि आज वाटतं ते बरंच झालं. नाव आधी कळलं असतं तर मी ऐकलं नसतं.

त्या आवाजात मला काय सापडलं ते सांगते, कारण "आवडलं" एवढ्यावर थांबणं मला पटत नाही.

किराणा घराण्याच्या गाण्यावर माझा कान पोसला आहे. म्हणजे एकेका स्वराकडे थांबून पाहण्याची सवय. मिरजेला तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेची गुंज जुळवताना, मी अनेकदा पाहिलं आहे. घोडीवर तारेखाली सूत असतं, ते केसाएवढं इकडेतिकडे सरकवत कारागीर कान देऊन बसतो आणि एका क्षणी तार खुलते, तिच्यातून गंधार ऐकू येऊ लागतो. मोठ्या आवाजात हे होत नाही. सगळ्यांनी गप्प बसावं लागतं. बिलीचं गाणं ऐकताना कान तसाच पुढे होतो. ती आवाज चढवत नाही, त्यामुळे आपल्याला तिच्याजवळ जावं लागतं. पॉप म्हणजे कानावर येऊन आदळणारी गोष्ट, अशी माझी पक्की समजूत होती. ही गायिका आदळत नाही. जागा सोडते. दोन ओळींमध्ये ती जो विराम घेते, त्याला लांबी आहे, वजन आहे, आणि तो पुढच्या शब्दासाठी राखून ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट श्वासाची. आपल्याकडे दमसास ही कमावायची गोष्ट आणि श्वास घेणं ही लपवायची. तिच्या गाण्यात श्वास ऐकू येतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो आणि लयीत बसलेला असतो. पहिल्यांदा हे खटकतं. मग कुमार गंधर्व आठवतात. क्षयाच्या आजाराने फुप्फुस निकामी झालं, देवासला काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परत गायला लागले तेव्हा लांब दमाच्या तानांऐवजी छोटे, तुटक, विजेसारखे तुकडे आले. श्वास अपुरा होता तिथेच त्यांनी नवा आकार उभा केला. कुमारजींची आणि या मुलीची तुलना मी करत नाही, दोघांची कामं वेगळी आणि उंचीही वेगळी. पण श्वास हासुद्धा गाण्याचा ऐवज होऊ शकतो, हे कुमारजींकडून शिकलेल्या कानाला ते इथे ओळखता आलं, एवढं नक्की.

आणि तिसरी गोष्ट मायक्रोफोनची, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून जोराने गात. नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर छातीतून, खुला आवाज हवा. आपली सगळी गायकी त्या गरजेतून घडलेली आहे. मायक्रोफोनने हलक्या आवाजाला मोठ्या जनसमुदायापुढे आणलं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक त्यातून निघाले, आपल्याकडे तलत महमूद यांच्या गळ्यातला कंप घराघरांत ऐकू आला, आणि मराठी भावगीताचा हळवा, बोलका सूर रेडिओशिवाय रुजलाच नसता. बिली त्याच वाटेवर आणखी पुढे गेलेली आहे. तिचा आवाज सभागृहासाठी घडवलेला नाही, कानातल्या गुंडीसाठी घडवलेला आहे. तिच्या त्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात दंतवैद्याच्या यंत्राची घरघर आहे, दुसऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या रस्ता ओलांडण्याच्या सिग्नलची टकटक तालासाठी वापरली आहे. आणि तेच दुसरं गाणं शेवटी एकाएकी लय टाकून जवळजवळ निम्म्यावर येऊन बसतं. चुटक्यांवर धावणारी चाल अशी खाली उतरते तेव्हा माझ्या तोंडून नकळत "वा" निघालं. विलंबित आणि द्रुत यांच्यामधली दरी ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या तोंडूनही निघेल.

न पटणाऱ्या गोष्टीही आहेत. पियानोचे ठरावीक स्वर माझ्या कानाला आजही पूर्ण मानवत नाहीत. आपला उतरता कोमल गंधार तिथे सापडायचा नाही. एकेक ओळ अनेकदा गाऊन त्यातले उत्तम तुकडे जोडण्याची पद्धत मला सुरुवातीला अप्रामाणिक वाटली होती. आता मी त्या पद्धतीकडे चित्रपटाच्या संकलनासारखं पाहते. नाटक एका दमात होतं, चित्रपट जोडला जातो, आणि जोडणाऱ्यालाही नजर लागतेच. तरी तासभर एक राग समोर उलगडत जातो, गाणाऱ्यालाही पुढची जागा ठाऊक नसते, ती थरारक अनिश्चितता इथे नाही. ती हवी असेल तर मला ख्यालाकडेच जावं लागतं आणि मी रोज जाते.

मग हा लेख कशासाठी? कारण पुढचे कित्येक महिने मी हे कुणालाही सांगितलं नाही.

मी एका संगीत मंडळाची जुनी सभासद आहे. दर वर्षी वार्षिक सभेत एक विषय ठरलेला: तरुण मुलं गाण्याला येत नाहीत. दर वर्षी निदानही ठरलेलं: अभिरुची बिघडली, मोबाइलने कान नासवले, धांगडधिंगा ऐकून ऐकून मुलांना शांत बसता येत नाही. मीही वर्षानुवर्षं मान डोलावत आले. पुरानंतरच्या सभेत मात्र मला आठवत राहिलं, की माडीवर त्या रात्री शांत बसून, डोळे मिटून, एकेक श्वास ऐकणारी व्यक्ती सोळा वर्षांची होती. ज्यांच्या कानाबद्दल आपण निकाल देतो, त्यांच्या कानात काय चाललं आहे ते आपल्यापैकी एकानेही ऐकलेलं नव्हतं. आणि ज्या एकीने ऐकलं होतं, ती गप्प बसली होती. हे गप्प बसणं मला नंतर फार लागलं.

अभिरुचीला कुंपण घालण्याचा प्रयोग या देशात सरकारी पातळीवर झालेला आहे आणि तो करणारे मंत्री मूळचे पुण्याचे होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. अभिजात संगीतासाठी त्यांनी केलेलं काम मोठं आहे: संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, कितीतरी कलावंतांना आकाशवाणीने आधार दिला, आणि माझ्या वडिलांच्या कॅसेटींतला निम्मा ठेवा त्या धोरणाचाच वारसा होता. पण लोकांचा कान सुधारायचा तर चित्रपटगीत बंद केलं पाहिजे, असंही त्यांना वाटलं. १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला तिथे सुरू झाली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. ज्या गाण्यांपासून लोकांना वाचवायचं होतं, त्यांत त्या काळातली किती अजोड गाणी होती, हे आज शास्त्रीय गाण्याचे कट्टर रसिकही मान्य करतात. त्याच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. हार्मोनियमवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात हे सांगताना आजही वाईट वाटतं. हार्मोनियमच्या स्वरांविषयीचा आक्षेप शास्त्राला धरून होता, मलाही तो कळतो. पण आक्षेप असणं वेगळं आणि तीस वर्षं ऐकूच न देणं वेगळं.

आता तर असं कुंपण सरकारलाही घालता येणार नाही. पण घरात ते घातलं जातं, गाण्याच्या क्लासात घातलं जातं, मंडळात घातलं जातं. "हे ऐकलंस तर गळा बिघडेल" असं मुलांना सांगितलं जातं. हे सांगताना आपण परंपरेचा हवाला देतो, आणि परंपरा तर नेमकं उलटं सांगते.

अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांच्यामुळे मिरज हे संगीताचं तीर्थ झालं, ते कर्नाटक संगीत कान देऊन ऐकत होते, तिथली सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली, मराठी नाट्यपदं ध्वनिमुद्रित केली. गदगच्या एका मुलाने दुकानात वाजणारी त्यांची तबकडी ऐकली आणि त्या आवाजाच्या ओढीने १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. त्या तबकडीत तासाभराचा ख्याल नव्हता. तीनेक मिनिटांची ठुमरी होती, दुकानात विकायला ठेवलेली, रस्त्यावरच्या कुणाच्याही कानावर पडेल अशी. बाजारातली वस्तू म्हणून त्या मुलाला कुणी तिथून हाकललं असतं तर? नाट्यसंगीताचंही तेच. आज आपण ते अभिजात म्हणून ऐकतो, पण एके काळी तिकीट काढून येणाऱ्या गर्दीसाठी, लोकांच्या ओठी बसावं म्हणून केलेलं गाणं होतं ते, आणि त्याच्या चाली कोठीवरून, लावणीतून, पारशी रंगभूमीवरून, मिळेल तिथून आलेल्या होत्या.

इथे एक गंभीर हरकत आहे आणि ती मला कायम अडवत आलेली आहे. किशोरी आमोणकरांनी १९६४ च्या एका हिंदी चित्रपटासाठी गाणं म्हटलं, तेव्हा माई, म्हणजे त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, यांनी बजावलं, की चित्रपटात गाणार असशील तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस. किशोरीताईंनी स्वतःच हे सांगितलेलं आहे. मोगूबाईंना कोण कोत्या मनाच्या म्हणेल? कुर्डीसारख्या गोव्यातल्या गावातून निघून, हालअपेष्टा सोसून, अल्लादिया खाँसाहेबांकडून त्यांनी ही विद्या मिळवली होती. ती विद्या पूर्ण माणूस मागते, अर्धा माणूस तिला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गळ्याला एक वळण लागायला वर्षं लागतात आणि मोडायला थोडे दिवस पुरतात. म्हणून गाणाऱ्याची एकनिष्ठा मला मान्य आहे, वंदनीय आहे. त्या ताकिदीने आपल्याला काय मिळालं हे किशोरीताईंचा यमन किंवा भूप ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. त्याच किशोरीताईंनी पुढे १९९० साली एका हिंदी चित्रपटाला संगीतही दिलं. तोवर त्यांची वाट त्यांच्या पायाखाली पक्की झालेली होती.

पण आपण कोण? आपण ऐकणारे. आपल्याला शिष्यत्वाचा गंडा कुणी बांधला नाही, आपण पहाटे चार वाजता उठून खर्ज लावत नाही, दुसरं गाणं ऐकल्याने आपला गळा बिघडत नाही, कारण पणाला लागलेला गळाच नाही. गाणाऱ्यांनी कष्टाने पाळलेली एकनिष्ठा आपण फुकटात उचलली आणि तिचं रूपांतर दुसऱ्यांना कमी लेखण्याच्या अधिकारात केलं. ऐकणाऱ्याचं व्रत निराळं असायला हवं. समोर जे येईल ते लक्ष देऊन ऐकणं, आणि मग, ऐकून झाल्यावर, परखडपणे बोलणं.

परखडपणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. सगळी गाणी सारखीच, ज्याला जे आवडेल ते चांगलं, असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्यानंतरच्या वर्षांत भाचीने मला बरंच काही ऐकवलं. त्यातलं पुष्कळसं मला उथळ वाटलं, तसं मी तिला सांगितलं आणि का वाटलं तेही सांगितलं: इथे लय नुसती ठोकली आहे, इथे शब्द आणि सूर यांची गाठच पडत नाही, इथे भाव दाखवायला आवाज विनाकारण चिरकवला आहे. ती रागावली नाही. मी आधी ऐकलं होतं, म्हणून माझं म्हणणं तिला ऐकावंसं वाटलं. न ऐकता दिलेला निकाल मुलं बरोबर ओळखतात आणि तिथेच कान मिटून घेतात. मग आपला भीमपलासही त्या मिटलेल्या कानांत शिरत नाही.

म्हणून मंडळात मी एक सूचना मांडली. वर्षातून दोन संध्याकाळी तरुण मुलांनी त्यांना आवडणारं गाणं आणावं, ज्येष्ठांनी ते पूर्ण ऐकावं, आणि मग दोघांनी मिळून त्यावर बोलावं: स्वर कसा लागला, लय कशी धरली, कुठे जमलं, कुठे फसलं. तंबोरा तिथेच जुळवून ठेवावा आणि त्यानंतर एक छोटा ख्याल व्हावा. सूचना फेटाळली गेली. व्यासपीठाचं पावित्र्य जाईल, असं सांगण्यात आलं. मी ती पुढच्या वर्षी परत मांडली, त्याच्या पुढच्या वर्षीही. जोवर सभासद आहे तोवर मांडत राहीन. ज्या सभेत मुलांच्या कानांविषयी बोललं जातं, तिथे निदान एकदा तरी त्या कानांत वाजणारं गाणं वाजलं पाहिजे, एवढंच मागणं आहे आणि ते मोठं नाही.

कॅसेटी वाळवून पाहिल्या. बहुतेक फिती एकमेकींना चिकटल्या होत्या, चिखल आत गेला होता. सहा-सात वाचल्या, त्यांतल्या एकीत वडिलांचा खोकला आणि मागून हलकेच दिलेली दाद ऐकू येते.

२०२४ च्या मे महिन्यात बिलीचा तिसरा अल्बम आला, तेव्हा भाची पुण्याला नोकरीला होती. तिने फोन करून सांगितलं, "मावशी, यात ती खुल्या आवाजात गायली आहे. तुला आवडेल बघ." मी दोन दिवस ऐकलं. मग रात्री फोनवर आम्ही तासभर भांडलो. माझं म्हणणं, की तारसप्तकाकडे जाताना तिचा आवाज अजून पोसलेला वाटत नाही, तळ नाही त्याला, ती कुजबुजते तेव्हाच तिचा स्वर खरा असतो. भाचीचं म्हणणं, की जो आवाज इतकी वर्षं दाबून गायला तो उघडतो तेव्हा थोडा कोवळाच असणार, आणि मी तो कोवळेपणा ऐकायला तयार नाही. मी म्हटलं, कोवळेपणा आणि कच्चेपणा यांत फरक आहे. ती म्हणाली, "मग तिसरं गाणं परत ऐक, शेवटची ओळ, आणि सांग यातलं काय आहे ते." मी ऐकलं आहे. अजून ठरलेलं नाही.